फाळक्याची डावी कडी

गुणाजीने मला फक्त पुढचे चाक बसवून द्यायला सांगितले होते. मी चाक बसवले आणि ज्यांना हात लावू नको म्हणून त्याने बजावले होते, त्या चार गोष्टीही दुरुस्त करून ठेवल्या. त्या चारांतल्या एकीमुळे त्याची नोकरी गेली. पुढे त्याने माझ्याकडे एक साधा कागद मागितला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी नाही म्हणालो.

या अंकाच्या संपादकांनी मला कळवले होते, “तुमच्या जगावेगळ्या धंद्यातल्या गमती लिहा.” गमती आहेत. त्याही सांगेन. पण हे आधी कबूल केल्याशिवाय मला त्या सांगवणार नाहीत.

माझा धंदा असा: लोकांकडे प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या असतात. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीचे माप धरून, तिच्या बारीकसारीक भागांसकट केलेल्या. मोटारी, ट्रक, बस, जीप. त्यांना खेळणे म्हटलेले मालकाला खपत नाही. म्हापशाच्या बसस्टँडकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला माझा गाडा होता, दोन माणसे आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर उभे राहायचे इतका. तिथे मी चष्म्याच्या दांड्या जोडत असे. एक दिवस बोटीवर काम करणारा एक तारवटी मोडक्या बंपरची मोटार घेऊन आला आणि म्हणाला, “दांडी जोडतोस, तर हेंय जोड.” जोडला. त्याने चार लोकांना सांगितले. हळर्णहून रोज सकाळी बसने येणारा मी चष्मेवाल्याचा गाड्यावाला झालो, तो असा.

बाहेरच्या माणसाला वाटते, चिकटवले की झाले. घरी लोक तेच करतात आणि मग माझ्याकडे येतात. झटपट चिकटणारा तो पातळ गोंद काचेजवळ लावला, तर त्याच्या वाफेने काच पांढरी पडते, धुक्यातून पाहिल्यासारखी. प्लॅस्टिक खरे म्हणजे चिकटवायचे नसतेच. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे एक पातळ द्राव मिळे. ब्रशच्या टोकाने त्याचा एक थेंब सांध्यावर सोडायचा. दोन्ही कडा मऊ होतात आणि एकमेकींत मुरतात. मग रात्रभर हात लावायचा नाही. सगळ्यांत आधी मोडतात ते आरसे, कारण कपाट पुसणाऱ्याच्या फडक्यात तेच अडकतात. मग वायपर, मग चाकांचे आस. हरवलेला भाग नव्याने घडवावा लागतो. दुसऱ्या बाजूचा शाबूत भाग घ्यायचा, दाताचे डॉक्टर जबड्याचा ठसा घ्यायला जी भुकटी वापरतात तिच्यात त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात ओतायचे. आरशाची दांडी हवी असेल, तर प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढायची. केसाइतकी बारीक होते. ओढताना श्वास रोखून धरावा लागतो.

आस मोडला तर आत तार घालावी लागते. ती तार मला आंतोनबाब पुरवीत. तीस वर्षे बोटीवर काढून आलेले, रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ. तार तुटली की थेट माझ्या गाड्यावर.

“मेस्ता, काल मिसाक तार तुटली. पाद्री तापलो. पूण तुजें बरें जालें!”

आमच्याकडे सुताराला, कारागिराला मेस्त म्हणतात. मलाही म्हणत. मला ते आवडायचे.

या आंतोनबाबांकडे बंदराबंदरांतून आणलेल्या पंधरा-वीस मोटारी होत्या. त्यांनी एकदा विचित्रच काम सांगितले. सगळ्यांची चाके कायमची चिकटवून टाक, फिरता कामा नयेत. मी वाद घातला. म्हटले, गाडी म्हणजे ती चालायला हवी, इतके सुंदर आस आहेत. ते शांतपणे म्हणाले, “हांव तीस वर्सां चल्लों रे. आतां तांकां रावूंदी.” तरी मी दोन मोटारींची चाके मोकळीच ठेवली, त्यांना न सांगता. त्यांना कळेल आणि ते खूश होतील असे मला वाटले होते. त्यांनी त्या दोन परत आणून दिल्या आणि पुन्हा चिकटवून घेतल्या. हसत हसत. मीही हसलो. त्या वेळी मी थोडा विचार केला असता तर बरे झाले असते.

दिवस गोवा घटकराज्य होण्याचे होते. त्याच्या आधी भाषेवरून बाजारात इतके तापले होते की पाटी मराठीत ठेवली तर एकजण भांडे आणि कोकणीत केली तर दुसरा. मी पाटीवर अक्षरेच ठेवली नाहीत. एक मोटार काढली, तिचे एक चाक बाजूला पडलेले. कोणाचीच तक्रार आली नाही. राज्य झाल्यावर काही काळाने गाड्यांच्या नंबरपाट्या बदलल्या. जीडी जाऊन जीए आले. डिचोलीचा एक बसमालक आपल्या बसची लहानशी प्रतिकृती घेऊन आला आणि म्हणाला, नवा नंबर लिही. तांदळाच्या दाण्याएवढी ती पाटी. मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. शेवटी शुक्रवारच्या बाजारात, सगळ्यांसमोर, तो गाड्यापुढे उभा राहिला.

“मेस्ता, सगळ्या गोंयाक राज्य मेळ्ळें. म्हजी एकटी बस केंद्रशासितूच दवरतलो काय तूं?”

लोक हसले. त्याच दिवशी लिहून दिला.

अशा गमती पुष्कळ. आता गुणाजी.

तो गोव्याच्या हद्दीवरच्या नदीपलीकडचा, सातार्ड्याचा. डिचोली भागातल्या एका खाणीवर एका ट्रकमालकाचा टिपर चालवायचा. खाणीतून माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा. तेव्हा त्याचे वय चाळिशीचे असावे, माझे पंचविशीचे. टिपर नवा घेतला तेव्हा विक्रेत्याने मालकाला त्याच बनावटीचा एक प्लॅस्टिकचा टिपर भेट दिला होता, हातभर लांब. मालकाने तो गुणाजीला देऊन टाकला. गुणाजीने घरी नेला आणि दर दसऱ्याला तो त्याची पूजा करू लागला.

“दसऱ्याक मालक थंय खाणीर गाडयेची पूजा करता,” त्याने मला पहिल्या खेपेला सांगितले होते. “मी सुट्टी घेवन घराक. माझ्या घरात माझी गाडी खंय? म्हणान ही.”

इथवर ठीक. पण त्याचा एक नेम होता, तो मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही. खऱ्या गाडीला जे होईल ते तो या गाडीला करायचा. तिकडे आरसा फुटला, की इकडचा आरसा काढून ठेवायचा. तिकडे मडगार्ड चेपले, की खिळा तापवून इकडचे चेपायचे. आणि तिकडची दुरुस्ती झाली, की इकडची करून घ्यायला माझ्याकडे यायचे. मी त्याला हसलो होतो.

“हसतंस काय?” तो म्हणाला. “पूजा त्या गाडयेक पोचाक होयी मा? मगे तिका जा असा, ताच हिका असाक होया. नायतर ती दुसऱ्याच्या गाडयेक पोचतली.”

त्या वर्षी पावसाळा संपताना तो टिपर घेऊन आला. फळीवरून पडून पुढचे डावे चाक निखळले होते. मी टिपर फिरवून पाहिला. उजवा आरसा नव्हता. मडगार्ड चेपलेले. मागचा एक दिवा फुटलेला. आणि मागे, फाळक्याला, डावी कडी नव्हती. तिथे बारीक तार पिळून बांधली होती.

फाळका म्हणजे टिपरच्या हौद्याचे मागचे दार. वरून बिजागरीवर लटकते, खाली दोन बाजूंना दोन कड्या. धक्क्यावर पोचल्यावर कड्या सोडायच्या, हौदा उचलायचा, की माल खाली. रस्त्यात त्या कड्यांवरच सगळा माल अडून असतो.

“कडी खऱ्या गाडीचीही गेलीय?” मी विचारले.

“गेल्या हंगामात, दसऱ्याच्या आधीच मोडली. मालकाक दहा खेपा सांगलंय. ‘बघूया, बघूया.’ पावसात गाडी उभी होती, तेव्हा तरी बसवची. नाय बसवल्यान. आता परत माल सुरू झालो, तारेरच चल्ला.” मग बोट उगारून म्हणाला, “माका फक्त चाक बसवन दी. बाकी कशाक हात लावू नको, मेस्ता. दसऱ्याच्या आधी नेतंय.”

वस्तू आली, की ती कशी आली हे मी एका चिठ्ठीवर लिहून तारीख घालून ठेवत असे. एकाने मोडका आरसा माझ्या माथी मारल्यापासूनची ती सवय. गुणाजीसमोर मी चिठ्ठी लिहिली, त्याला वाचून दाखवली. उजवा आरसा नाही. मडगार्ड चेपलेले. मागचा दिवा फुटलेला. फाळक्याची डावी कडी नाही, तारेने बांधलेली. फक्त चाक बसवणे.

“बरा लिवलंस,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात खाणीच्या कचेरीतून माणूस आला. कचेरीच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत खाणीचा देखावा करायचा होता, लाल डोंगर, धक्का, बार्ज आणि ओळीने टिपर. हे काम मला द्यावे की पणजीच्या कोणाला, ते ठरवायला साहेब शुक्रवारी माझे काम पाहायला येणार होते. माझ्या फळीवर तेव्हा काय होते? दोन मोटारी, एक जीप आणि हा टिपर, नेमका खाणीवरचा. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग काम सुरू केले. एका बाजूच्या आरशावरून दुसरा घडवला. मडगार्ड गरम पाण्याने मऊ करून सरळ केले. लाल पारदर्शक प्लॅस्टिक घासून दिवा बसवला. उजव्या कडीचा साचा घेऊन डावी ओतली, आणि ती नुसती दिसायला नव्हे, उघडझाप होईल अशी केली. काढलेली तार फेकून दिली. मी स्वतःला सांगितले, गुणाजी पाहील तेव्हा खूश होईल. आंतोनबाबांच्या बाबतीत सांगितले होते तेच.

साहेब आले. टिपर हातात घेऊन त्यांनी नखाने कडी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. “वा,” म्हणाले. “कळवतो.”

अपघात त्यानंतर तीन-चार दिवसांनी झाला. मये गावात उतारावर तार तुटली. फाळका उघडला आणि मालाची ढेकळे रस्त्यावर कोसळली. मागून बाबलो सायकलवरून येत होता. बाबलो म्हणजे मयेतला पाडेली, माडांवर चढून नारळ पाडणारा. सायकलीला दोरखंड बांधलेला आणि कमरेला कोयता. तो पडला आणि गुडघा ढेकळांखाली सापडला. जीव वाचला. पण त्या पायाने तो पुन्हा माडावर चढला नाही.

खरा टिपर मालकाच्या आवारात गेला आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिला, तेव्हा फाळक्याला दोन कड्या होत्या. मालक म्हणाला, ड्रायव्हर कडी लावायला विसरला.

गुणाजी माझ्याकडे धावतच आला. मला अपघाताचे कळले होते, पण माझ्या डोक्यात दोन गोष्टी अजून जुळल्या नव्हत्या. मी पुठ्ठ्याची पेटी उघडून टिपर त्याच्यासमोर ठेवला. तो चाकाकडे पाहीना. त्याने सरळ मागची बाजू फिरवली.

“तार खंय असा?”

मी म्हटले, “दादा, सगळेच करून टाकले. त्याचे वेगळे काही देऊ नका.”

“मेस्ता, तार खंय असा?”

मी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिले. तो सकाळीच रिकामा झाला होता. गुणाजी स्टुलावर बसला. त्याने टिपर मांडीवर घेतला आणि ती नवी कडी बोटाने उघडत, लावत राहिला. त्याच्या घरच्यांनी, वाड्यावरच्या लोकांनी गेल्या दसऱ्याला ती तार पाहिली होती. पण त्यांचे कोण ऐकणार? त्याला वस्तू दाखवायची होती. रविवारी डिचोलीला ट्रकमालकांची बैठक होती. तिथे बाबलोच्या घरचे येणार होते, खाणीचे साहेब येणार होते, आणि चूक कोणाची ते ठरणार होते.

“जाऊंदे,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “तुझ्या हातची चिठ्ठी असा मा? तारीख घातलेली?”

चिठ्ठी होती. माझ्या गुडघ्याजवळच्या ड्रॉवरमध्ये. त्या चिठ्ठीवर अपघाताच्या आधीची तारीख होती आणि तारेचा स्पष्ट उल्लेख. पण तिच्याच शेवटच्या ओळीत लिहिले होते, फक्त चाक बसवणे. ती बैठकीत वाचली गेली असती तर गिऱ्हाइकाने नको सांगितलेले काम मी केले, हे सगळ्यांना कळले असते. आणि बैठकीत समोर बसणार होते तेच साहेब, ज्यांनी मला ‘कळवतो’ म्हटले होते.

“चिठ्ठ्या मी काम झाल्यावर फाडतो,” मी म्हणालो.

“मगे तू ये. नुसता येवन सांग, तार होती म्हणान. दोन शब्द.”

“दादा, माझ्या नीट लक्षात नाही हो. तार होती की दोरी होती.”

हे वाक्य मी उच्चारले. इतक्या वर्षांत त्याचा एक शब्दही मी विसरलेलो नाही.

गुणाजीने माझ्या तोंडाकडे पाहिले. त्याला कळले. रागावला असता तर मला सोपे गेले असते. “बरा,” म्हणाला, आणि टिपर काखेत घेऊन निघून गेला. पेटीदेखील नेली नाही.

बैठकीत काय झाले ते मला साहेबांकडूनच कळले, कारण पुढच्या शुक्रवारी ते काम द्यायला आले. हसत होते. गुणाजी टिपर घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, हय तार होती. कोणीतरी ओरडले, “अरे, ही तर नवीपेक्षा नवी!” सगळी बैठक हसली. तो म्हणाला, ती मेस्ताने बदलली. मालक म्हणाला, मग मेस्त खंय? बोलाव. गुणाजी खाली बसला.

“तुझी ती कडी हातोहात फिरली बैठकीत,” साहेब म्हणाले. “अशीच हवी आम्हाला. सगळ्या टिपरांना.”

मी ते काम घेतले. खूप सुरेख झाले. लाल डोंगर, नदी, बार्ज, ओळीने टिपर, प्रत्येकाच्या फाळक्याला दोन कड्या. लोक लांबून पाहायला येत. पुढे दुसऱ्या खाणींची कामेही मिळाली. मी हळर्णला घर वाढवले. माझ्या कामाबद्दल एकदा वर्तमानपत्रात छापूनही आले. ते कात्रण मी जपून ठेवले नाही, एवढेच मला माझ्या बाजूने सांगता येईल.

गुणाजीला त्या भागात पुन्हा कोणी टिपर दिला नाही. कडी न लावणारा ड्रायव्हर, हेच त्याचे नाव झाले. माझ्या घरून सातार्डा किती दूर? नयबागचा पूल ओलांडला की आलेच. मी त्या पुलावरून कितीदा गेलो, लग्नांना, जत्रांना. सातार्ड्याच्या तिठ्यावर बस थांबली, की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहायचो.

खाणी बंद पडल्या. कचेरी रिकामी झाली. डोळ्यांनी बारीक काम होईना, म्हणून मी गाडा सोडला आणि ड्रॉवर घरी आणून ओटीवर उपडे केले. चिठ्ठ्या मी कधीच फाडत नव्हतो. बायको त्या चाळत बसली होती. एक हातात धरून म्हणाली, “ह्या चिठ्ठीर खूण कसली केल्यात?”

त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यावर मी कधीतरी पेनाने काळे केले होते. कधी, ते आठवत नाही. मी तिला सगळे सांगितले. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली होती आणि हे मी पहिल्यांदा सांगत होतो.

“जितो आसा तो?” तिने विचारले.

“माहीत नाही.”

“मगे आदीं तां बघा,” ती म्हणाली आणि चिठ्ठी माझ्यासमोर ठेवून आत गेली.

जिवंत होता. पासष्टी ओलांडलेला, अंगाने वाळलेला. घरामागच्या काजूच्या बागेत बिया वेचत होता. बाग दुसऱ्याची, राखण याची. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“मेस्त,” एवढेच म्हणाला. मग ओटीवर बसवले, पाणी आणून दिले.

मी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती लांब धरून, ओठ हलवत, पूर्ण वाचली. मी बोलायला सुरुवात केली. साहेब, देखावा, माझे वय, माझी भीती. त्याने हात वर केला.

“ता माका तेव्हाच कळला होता,” तो म्हणाला. “तू ‘दोरी’ म्हणालंस, तेव्हाच. तू काय दोरी नि तार वळखणस नाय?” चिठ्ठीची घडी घालून त्याने ती मला परत दिली. “आता ह्या कागदाचा मी काय करू?”

मी विचारले, ती गाडी आहे का अजून?

“भाच्याक दिली. त्या दसऱ्याक पूजूक काढली आणि परत ठेवली. माझ्या गाडयेक दोन कडयो नव्हत्यो. ती खंयची तरी दुसरीच गाडी.”

नोकरीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, काम काय, मिळत गेले. मग त्याने एक गोष्ट सांगितली. बैठकीच्या आधी तो बाबलोला पाहायला इस्पितळात गेला होता. घरचे चार आंबाडे आणि पेज घेऊन. बाबलोने त्याला पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. दुसऱ्यांदा गेला तेव्हाही तसेच. पुढे पाच वर्षांनी डिचोलीच्या बाजारात दोघे समोरासमोर आले. बाबलो काठी टेकत चालला होता. गुणाजीने हाक मारली. बाबलोने काठी उचलली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

“तेका वाटता, मी कडी लावूक विसारलंय,” गुणाजी म्हणाला. “गाडी भरल्यार मी तीन खेपा उतरून ती तार बघी. त्या दिवशी पण बघलंय. माका सगळ्यांनी काय म्हटला ता जाऊंदे. पण तो. तेचो पाय माझ्या गाडयेखाली गेलो. तेका खरा काय ता म्हायत असाक होया.”

“मी सांगतो त्याला,” मी म्हणालो. “आपण दोघे जाऊ.”

“माझ्यासमोर नको.” तो एकदम ताठ झाला. “माझ्यासमोर सांगलंस तर तेका वाटतला, मीच तुका धरून हाडलंय. एकटोच जा. आणि माका येवन सांगू नको, तो काय म्हणालो ता. माका म्हायत असा तेवढा पुरे.”

मी माफी मागायला तोंड उघडले. तो उठून बागेकडे चालायला लागला होता.

दोन दिवसांनी मी मयेला गेलो. तळ्याच्या बाजूला उतरून विचारत गेलो. बाबलो अंगणात चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झापे विणत बसला होता. उजवा पाय लांब सोडलेला. समोर त्याच्याच कुळागरातले माड. त्यांवर एक तरुण पाडेली चढला होता, आणि बाबलो खालून त्याला ओरडत होता, “आरे, तो नाका, तो कोंवळो! फाटलो काड!” मला पाहून त्याने झाप बाजूला केले.

“कोण रे तूं? खंयचो?”

मी नाव सांगितले, गाव सांगितले. म्हापशाच्या गाड्याचे सांगितले. मग म्हणालो, गुणाजी ड्रायव्हरविषयी बोलायचे आहे. त्याचा चेहरा बंद झाला.

“ताणें धाडला तुका?”

“नाही. मीच त्याला म्हटले, मी सांगतो. मी माझा आलो.”

मी चिठ्ठी काढली. वाचून दाखवली. मग समजावू लागलो. गुणाजीचा नेम काय होता, तो टिपर कसा होता, कडी म्हणजे काय, साचा कसा घेतात, प्लॅस्टिक कसे ओततात, मला त्या वेळी ते काम किती हवे होते, साहेबांनी कडी कशी उघडून पाहिली. मला वाटते, मी दहा मिनिटे बोलत होतो. माडावरचा तरुणही थांबून ऐकत होता. बाबलोने मध्येच विचारले, “म्हणजे कडी नाशिल्लीच?”

“नव्हतीच. तार होती. मालकाने बसवून दिली नव्हती. गुणाजी प्रत्येक खेपेला उतरून तार बघायचा. त्या दिवशीही बघितली होती.”

त्याने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.   मी पुन्हा साच्याबद्दल, साहेबांबद्दल काही सांगू लागलो.

“राव,” बाबलोने मला थांबवले. “तें तुजें प्लॅस्टिक म्हाका समजना. तुजें कितें चुकलें, तितलेंच सांग.”

मी चपला काढून त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. माझ्या घरच्या भाषेत, जी मी लिहिताना वापरत नाही, सांगितले.

“तार आशिल्ली हें म्हाका खबर आशिल्लें. कागद म्हज्या हातांत आशिल्लो. गुणाजीन मागलो, आनी हांवें ना म्हळें. हांव भियेलों. तुवें इतलीं वर्सां चुकीच्या मनशाचेर राग केलो, तो म्हज्या लागून. म्हाका माफ कर.”